चंचलताईची खिडकी

तलमडुगूत आवई उठली होती, की चंचलताई पोरींना मोबाईलवर जुगार शिकवते. खरं तर रविवारी ती आपल्या झेरॉक्सच्या दुकानात पोरापोरींना प्रोग्रामिंगच्या ऑनलाइन स्पर्धांना बसवते. स्वतः बारावी शिकलेली. पुढचं सगळं अशा स्पर्धा हरत हरत शिकली.

तिचा एकच नियम. अडकलं, की कॉम्प्युटर सोडायचा आणि मागच्या खिडकीतून वावराकडे बघत बसायचं.

परवा सपना अडकली. तिची आई गयाबाई सकाळीच बजावून गेली होती, "या बारीला निकालाच्या यादीत नाव नाई आलं, त हे बंद." आकड्यांच्या चढत्या रांगेतून ठरावीक बेरजेच्या जोड्या शोधायच्या होत्या. प्रत्येक आकडा प्रत्येकाशी जुळवण्यात वेळ संपत होता. सपना खिडकीत जाऊन बसली.

मी स्पर्धेला न बसता नुसत्या नकला करायला तिथं जाई. हुबेहूब गयाबाईच्या आवाजात म्हटलं, "काऊन वं, कापूस पाहून का उत्तर निंगते?"

"लाव पैज," ताई म्हणाली. "निंगालं, त नकला बंद अन् पुढच्या रविवारी तू स्पर्धेत."

"लावली!"

बाहेर ऊन मऊ झालं होतं. पांढऱ्याशुभ्र वावरात दोन बाया एकाच ओळीच्या दोन टोकांकडून कापूस वेचत, तरंगल्यासारख्या एकमेकींकडे सरकत होत्या. सपना किती तरी वेळ बघत राहिली. मग एकदम उठली, "ताई, एक आकडा इकडून, एक तिकडून! बेरीज कमी पडली, त इकडचा पुढं सरकवायचा, जास्त झाली, त तिकडचा मागं!"

संध्याकाळी यादीत तिचं नाव आलं. गयाबाईनं ते दोनदा वाचून घेतलं. ताईनं माझं नाव तिथंच पुढच्या स्पर्धेत नोंदवलं.