अकबरीची साक्ष

नेकनूरच्या अनिसाच्या हातचं ब्लाऊज अंगाला असं बसायचं, की बाया दुसऱ्या शिंपिणीचं नाव काढत नसत. पण ते वेळेवर मिळेल तर शपथ! एकीची बाही कापता कापता दुसरीचा गळा हातात घ्यायची, तो अर्धा टाकून गॅसवरचं दूध बघायला उठायची, आणि दूध उतू जाईपर्यंत दारात तिसरीशी बोलत उभी. लोक म्हणायचे, आळशी. आळशी कसली, दिवसभर बूड टेकायला फुरसत नव्हती बाईला!

बीडच्या स्टँडवर तर कहर झाला. अस्तराचं गाठोडं सांभाळत, डोक्यात कुणाच्या तरी बाहीचं माप घोळवत ती गाडीत चढली. नेकनूरला गाठोडं खाली उतरवलं आणि पोराला उतरवायला वळली, तर मागं कुणीच नव्हतं. चार वर्षांचा फराज स्टँडवरच राहिला होता. पोरगं सापडलं, एका पेरू विकणाऱ्या बाईचा पदर धरून रडत होतं. सापडलं म्हणून काय झालं? तेव्हापासून शिलाई मशीन सुरू केली की तिच्या खडखडाटात अनिसाला "अम्मी, अम्मी" ऐकू यायचं. फराज पायाशी चिंध्यांशी खेळत असला तरी ती रस्त्यावर धावायची.

नवरा शहेबाज फळांचा गाडा लावायचा. माणूस वाईट नव्हता, पण पुरता घाबरलेला. "दवाखान्यात दाखवू," तो म्हणाला. "बिमारी निघाली तर इलाज करू. न्हाई निघाली, म्हंजे नुसता निष्काळजीपणा, तर फराज माझ्या आईपाशी परळीला ऱ्हाईल." अनिसाची पाचावर धारण बसली.

अंबाजोगाईच्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. लक्ष एका जागी न टिकण्याचा हा आजार, एडीएचडी, मोठ्या माणसांतही असतो, म्हणाल्या. "गोळ्या दोन तऱ्हेच्या. एक लगेच लागू पडते, संध्याकाळपर्यंत उतरते. तिनं भूक-झोप कमी होऊ शकते, म्हणून आधी बीपी आणि हृदय तपासायचं. दुसरीचा गुण यायला काही आठवडे लागतात. पण गोळी कामाची घडी बसवून देत नाही. त्यासाठी समुपदेशनाला यावं लागेल. एका वेळी एकच ब्लाऊज, मोबाईलवर आठवणीची घंटी, असं बारीकसारीक शिकायचं. फक्त हे लहानपणापासून होतं का, ते कळायला हवं, त्याशिवाय हा आजार म्हणता येत नाही. आई, तुम्ही सांगा."

अनिसाची आई अकबरी जावयाशेजारीच बसलेली. आता जावयासमोर लेकीचं उणं काढतं का कुणी? निकाहाच्या वेळी 'पोरगी लई शांत' म्हणून सांगितलेलं निभवायला नको? तिनं पदर सावरला. "काईबी नव्हतं बघा. लई हुशार, लई शांत होती."

अनिसा आईकडं बघतच राहिली. हीच आई तिला दर्ग्यावर न्यायची, अंगावर सावली पडलीय म्हणून धूप द्यायची! आता फराज परळीला चालला, एवढंच तिला दिसत होतं. कानात तीच हाक सुरू झाली. ती ताडकन उठली आणि दाराकडं धावली.

"अगं, फराज हा काय माझ्या मांडीवर!" शहेबाज ओरडला.

अकबरीनं लेकीला हाताला धरून बसवलं. "खोटं बोलले मी, डाक्टरीनबाई. हिचं ध्यान कवाच ठिकाणावर नव्हतं. दप्तर इसरायची, चप्पल इसरायची. मी लई मारलं हिला."

डॉक्टरीणबाईंनी हृदयाची तपासणी लिहून दिली, समुपदेशनाचा वार ठरवला. "मग फराज घरीच ऱ्हाईल," शहेबाज हळूच म्हणाला, आणि अनिसाला हुंदका फुटला.

सगळे उठले. अकबरी काही उठेना.

"ही एवढीशी असताना हिला मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर इसरले होते," ती म्हणाली. "अजूनबी सपनात हिला आनायला मागं पळते. मला कुनी दवाखान्यात आनलंच न्हाई. ह्या वयात गोळी चालती का वो?"