आबा घरी नाहीत

बी.ए.ला इंग्रजी घेतल्यामुळं आमच्या आक्काचं लग्न मोडता मोडता राहिलं. (इंग्रजी मी घेतलं होतं, आक्कानं नव्हे.)

आमच्या सरांनी एकदा वर्गात जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतली एक गंमत उलगडून सांगितली. नोकर दारात येऊन 'मॅडम घरी नाहीत' म्हणतो, तेव्हा मॅडम वरच्या मजल्यावर चहा पीत असतात! अर्थ एवढाच, की आत्ता भेटायला सवड नाही. पाहुण्यानं ते ओळखायचं, आपल्या नावाचं कार्ड ठेवायचं आणि निघायचं. कुणाला राग नाही, रुसवा नाही. मी तर खूशच झालो. घरी येऊन सगळ्यांना समजावलं.

"म्हंजे खोटंच की!" आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले.

"खोटं नव्हे आबा, रीत हाय ती!"

त्याच रविवारी आक्काला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा तिला फोटोतच आवडला होता. (आक्काला काही आवडणं म्हणजे आमच्याकडं सणच!) पाहुणे येणार चारला, पण नृसिंहवाडीचं दर्शन लवकर आटोपलं म्हणून मंडळी अकरालाच राजारामपुरीत आमच्या दारात हजर! आक्का डोक्याला शिकेकाई चोळून बसलेली. आबा खिडकीत दाढी करत होते, अर्ध्या गालावर फेस.

"त्यास्नी जरा दारात थोपव!" आबा दबक्या आवाजात म्हणाले.

मी दार उघडलं, मान किंचित लववली आणि म्हणालो, "आबा घरी नाहीत."

पुढं मुलाचे मामा होते, उचगावचे. "न्हाईत? मग खिडकीत दाढी करतंय ते कोण?"

"आबाच. पण ते घरी नाहीत."

"आन् पोरगी?"

"तीसुद्धा नाही."

तेवढ्यात आतून आक्का किंचाळली, "आई गं, डोळ्यात शिकेकाई गेली! पाणी!"

मी मामांची समजूत घातली, "आपण रागवायचं नसतं. फक्त कार्ड ठेवून जायचं."

"कसलं कार्ड? रेशनचं?" मामांचा आवाज पार चौकापर्यंत गेला. "चला रं! पावण्याला दारातनं हाकलत्यात हितं!"

मंडळी वळलीच की! आबा अर्ध्या फेसानिशी रस्त्यावर धावले. त्यांच्यामागं आक्का, केसांतून पाणी गळतंय, डोळे लालभडक!

"मामा, थांबा की!" ती ओरडली. "भाऊ हाय माझा. डोक्यानं बरा हाय, पण इंग्रजी शिकतोय! पोहे खाल्ल्याबिगर जायचं न्हाई!"

मुलगा फाटकाला धरून हसत सुटला. मामाही निवळले. पोह्यांची दुसरी बशी संपवून त्यांनी निकाल दिला, "पोरगी पसंत! एकच अट. लगनात पावण्यांच्या स्वागताला ह्याला उभा करायचा न्हाई."

आबांनी अट तिथल्या तिथं मान्य केली. त्यामुळं एकुलत्या एका बहिणीच्या लग्नात मी मंडपामागं, आचाऱ्याशेजारी कांदे सोलत बसलो. माझे भरलेले डोळे बघून आचाऱ्याला दया आली.

"पोरा," तो म्हणाला, "चार बुकं शिकला असतास, तर ही येळ आली नसती बघ."