खाडीकाठची बुट्टी

पंचगंगेच्या काठावर माझ्यासारखा गळ टाकणारा दुसरा नाही, असं मंगळवार पेठेत सगळे म्हणत. म्हणजे मीच म्हणत असे, बाकीचे ऐकून घेत. ही मिजास माझ्या बायकोनं एका दुपारीत उतरवली, तेही ती दुखण्यातनं नीट उठली नव्हती तेव्हा.

बायको घाटाखालची. देवगडाकडं एका खाडीच्या काठावर तिचं माहेर. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात तिला हिवताप झाला. ताप गेला, पण अन्न जाईना. भाकरी बघितली की तोंड फिरवायची. वैद्य झाले, अंगारे झाले, मटणाचा रस्साही करून बघितला. हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या तशी माझी पाचावर धारण बसली. एक दिवस भिंतीकडं तोंड करूनच ती म्हणाली, "बा आणायचा तसली ताजी मुडदुशी मिळाली, तर दोन घास जातील बघा."

मुडदुशी म्हणजे खाडीच्या वाळूतला वीतभर, हलका मासा. तिकडं आजाऱ्याला नि बाळंतिणीला तोच देतात. कोल्हापुरात घाटावरून यायचा तो सगळा सुका नि खारा माल. ताजा मासा चार दिवस गाडीत कसा टिकणार? मासा वर येत नाही तर माणूस खाली न्यायचं, असं मी ठरवलं.

आश्विनात पाऊस उघडला. गाडीत गवत पसरलं, वर वाकळ घातली, तिच्यावर हिला निजवलं. राधानगरीला महाराजांच्या धरणाचं काम चाललं होतं. दगडाच्या गाड्यांना वाट देत देत पुढं गेलो आणि फोंड्याचा घाट उतरलो.

माहेरी बा आता नव्हता. भाऊ गलबतावर गेलेला, घरात एकटी भावजय. बाची होडी माडाखाली पालथी पडली होती. एका खोडात कोरलेली, एका माणसापुरती. म्हटलं, "त्यात काय! मी आणतो की."

सकाळी होडी पाण्यात ढकलली. बायको काठावर घोंगडी गुंडाळून बसली. होडी सारखी डुलायची, पाणी उलट्या दिशेनं वर चढत होतं, सगळंच चमत्कारिक. तरी दुपारपर्यंत पाच मुडदुशी धरल्या. माझी छाती फुगली. मग नदीवर करतो तेच केलं. झाकणाच्या बुट्टीत मासे घातले आणि बुट्टी काठच्या पाण्यात खुंटाला बांधली. मासा घरी जाईपर्यंत जिवंत राहतो, ही आमची पंचगंगेची रीत.

माहेरच्या अंगणात पाय टाकताच बायकोनं कोल्हापूरची बोली सोडली होती. ती ओरडली, "अवो, थंय बांधू नकात! पाणी जातला!"

"पाणी कुठं जातंय? नदी काय उठून चालती व्हय?" मी म्हटलं आणि जेवायला गेलो. जेवलो, जरा आडवा झालो.

परत येऊन बघतो तर खाडी जागेवर नाही! पाणी पार लांब गेलेलं, बुट्टी चिखलात आडवी, झाकण उघडं, आणि दोन घारी माझी शेवटची मुडदुशी फाडत होत्या. मी चिखलात गुडघाभर रुतलो, घारींना शिव्या हासडल्या, खाडीला हासडल्या. मागं आवाज आला म्हणून वळलो. बायको हसत होती. पोट धरून, डोळ्यांतनं पाणी येईतोवर हसत होती. चार महिन्यांत तिला हसताना बघितलं नव्हतं. मी तसाच चिखलात उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती काठावरनं सांगेल तसं केलं. ती थांब म्हणाली की थांबलो, गळ टाक म्हणाली की टाकला, भरती सरायच्या आत बुट्टी काठावर काढली. भावजयीनं नारळाच्या रसात पातळ कालवण केलं. बायकोनं दोन मुडदुशी खाल्ल्या आणि आणखी भात मागितला. मी गाडीमागं जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू.

पंधरा दिवसांत तिच्या बांगड्या मनगटाशी थांबायला लागल्या. निघताना म्हणाली, "पुढच्या आश्विनात आणशीला न्हवं?"

"आणतो की," मी म्हणालो.

पुढच्या आश्विनात बैल लंगडत होता. त्याच्या पुढच्या वर्षी गुऱ्हाळाची तयारी होती. तिसऱ्या वर्षी काय कारण होतं ते आठवतही नाही. मग तिनं विचारायचं सोडलं, आणि मला बरंच वाटलं.

चौथ्या वर्षी भाद्रपदात पुन्हा ताप आला. घाट अजून बंद होता. पाऊस थांबंना, आणि ती माझी वाट बघत थांबणार नव्हती. शेवटच्या दिवशी शुद्धीत नव्हती. एकदाच डोळे उघडले आणि म्हणाली, "बुट्टी काढलात काय? पाणी जातला."

"काढली," मी म्हणालो.

आता म्हातारा झालोय. आश्विन लागला की अजून नदीवर जातो. मासा धरला की बुट्टी पाण्यात सोडत नाही, वर दगडावर ठेवतो. नदीच्या घाटावरची नवी माणसं ओरडतात, "आवं म्हातारबा, मासं मराय लागल्यात, पाण्यात ठेवा की!"

"पाणी जातंय," मी म्हणतो.

ते नदीकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात.