कॅमेऱ्यात दिसणारा काटा
गेल्या वर्षी धानकापणीनंतर तुमसरच्या एका बियाणे केंद्रात मी ऑफिसचे संगणक आणि यंत्रे दोन व्हीलॅनमध्ये विभागली, म्हणजे एकाच स्विचवर दोन वेगळी नेटवर्क केली. मालकांच्या संगणकाला यंत्रांपर्यंत वाट ठेवायला मात्र विसरलो. त्याच दुपारी ड्रायर प्रमाणाबाहेर तापू लागला. आत पाच गावांच्या पेरणीचा धान होता. ऑफिसच्या नेटवर्कवरच राहिलेल्या कॅमेऱ्यात तापमानाचा काटा चढताना दिसत होता, पण ऑफिसातून यंत्र बंद होईना. नेटवर्कचा स्विच आणि विजेचे मेन बटण यंत्रखोलीत होते, आणि तिची किल्ली जेवायला गेलेल्या ऑपरेटरच्या खिशात. “काटा दिसून राहिला ना? मंग बंद काहून नाही होत, भाऊ?” मालक ओरडले. “वाट मीच बंद केली,” मी म्हणालो. “मंग पाहात बसा आता!” लोखंडी दाराचे कुलूप तुटेपर्यंत अर्धा तास गेला. नंतर उगवण तपासायला ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवले. आठवडाभरात एकही उगवला नाही.