गरिबांचं कोयनेल

दवाखान्यावरून आमच्या गावची पुरुषमंडळी जेवढी भांडली, तेवढी बांधाच्या हद्दीवरूनही भांडली नसतील. हे भांडण आमच्याच ओटीवर चाले. माझे वडील दवाखाना समितीत होते. त्यांचं म्हणणं, औषध सरकारी पैशातून सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे. समोर एक पेन्शनर मामलेदार. त्यांचं म्हणणं, खिशातून पैसा गेल्याशिवाय औषध लागू पडत नाही, आणि फुकटाची सवय लागली की लोक ताप हौसेने आणतील. चहा दोन्ही पक्षांना आई पुरवी. तिचं म्हणणं कोणी विचारलं नाही.

शेवटी वडील जिंकले. रेवदंड्याच्या वाटेवर एका भाड्याच्या पडवीत लोकल बोर्डाचा दवाखाना निघाला. हिवतापावर खात्रीचं औषध म्हणजे कोयनेल, आणि ते फार थोडं येई. म्हणून वडिलांनी समितीत नियम करून घेतला: कोयनेल फक्त गरिबांना, ऐपत असेल त्याने बाहेरून विकत घ्यावं. पेन्शनरांनीही मान डोलावली. दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच ऐकलं.

पुढच्या श्रावणात मी मंगळागौरीला माहेरी आले, तर आई अंथरुणात. एक दिवसाआड थंडी भरे. घोंगड्यांवर घोंगड्या घातल्या तरी दात वाजत. साथ घरोघर होती. पोस्टात कोयनेलच्या पुड्या विकत मिळत, त्या केव्हाच संपल्या होत्या. मुंबईच्या बोटी पावसाळ्यामुळे बंद. वडिलांनी मुंबईच्या भाच्याला पत्र टाकलं आणि टपालाची वाट बघत बसले.

"बाबा, दवाखान्यात आहे की," मी म्हटलं.

"ते गरिबांचं आहे. नियम मी केला, आता मीच मोडू?"

माणूस ढोंगी असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. शेजारची सून याच तापाने गेली होती. आईचे हात काडीसारखे झाले होते आणि मला रात्रंदिवस एकच भीती होती. वडील मात्र तिच्या उशाशी बसून टपालखात्याच्या कारभारावर बोलत.

एका सकाळी, ताप नसलेल्या दिवशी, वडील वाडीत पावसाने तुंबलेले पाट बघायला गेले. आई उठली, लुगडं बदललं, एक रिकामी बाटली धुतली आणि मला म्हणाली, "चल." वाटेत ती तीनदा खाली बसली. उचलून घ्यायला मी पुढे झाले की ती माझ्यावरच डोळे वटारी.

दवाखान्यात बायकांची रांग होती. "वैनी, तुमी हिकरं?" म्हणत एका कोळणीने सरकून जागा दिली. आईला पाहून डॉक्टर गडबडले. मेंबरांच्या घरचं माणूस! तरी नियम म्हणून त्यांनी विचारलं, "आपली ऐपत...?"

"ऐपत यांची आहे," आई म्हणाली. "वाडी यांची, घर यांचं, अंगावरचे दागिने सासूबाईंचे. भाजीवालीला दिडकी द्यायची तरी मी मागून घेते. माझी ऐपत कुठली काढू?"

रांगेतली एक बाई खुदकन हसली. डॉक्टरांनी बाटली भरून दिली.

ताप उतरला. आम्ही घरी काही लपवलं नाही. वडिलांना सगळं सांगितलं. ते नुसतं "असं होय" म्हणाले आणि वाडीत गेले. भाच्याचं पार्सल नंतर आलं, ते त्यांनी तसंच दवाखान्यात पोचवलं.

समितीची पुढची बैठक आमच्या ओटीवर भरली. पेन्शनर या घटकेसाठी जणू नवं धोतर नेसून आले होते. "नियम करणाऱ्याच्याच घरी नियम मोडावा?" ते म्हणाले. आई आणि मी दाराआड उभ्या होतो.

वडील उभे राहिले. घरच्या ओटीवर ते कधी उभे राहून बोलत नसत. "नियम मोडला नाही," ते म्हणाले. "औषध गरिबालाच मिळालं. माझ्या घरात इतकी वर्षं एक गरीब माणूस राहतं, हे मला ठाऊक नव्हतं."

पेन्शनरांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

आईला रडू फुटलं. मला मात्र संताप आला. हेच शब्द त्यांना आत येऊन तिला सांगता आले नसते का?