हाय का रं?

“हाय! आरं हाय, हाय, हाय! हितंच हाय!”

हिराजी ओरडत होता. एक हात फोनवर, दुसरा हवेत, आणि आवाज असा की धक्क्यावर जाळी सांधत बसलेल्यांनी माना वर केल्या, खाडीपलीकडं करंजाच्या किनाऱ्यावरचे बगळे उडाले आणि एका लाँचनं आपल्यालाच हाक मारली समजून तोंड फिरवलं. मी म्हटलं, “हिऱ्या, फोन ठेव खाली. नुसता बोललास तरी कॅनडात ऐकू जाईल.” त्यानं मला डोळ्यांनीच गप्प केलं. पलीकडं त्याची नात होती, इरा, सहा वर्षांची. रविवारचा फोन. आमची शेवटची भेट ती... बुधवारी सकाळी मी दाढी करत होतो, अर्धा गाल साबणात, तर हिराजीचा पुतण्या दारात येऊन उभा. काही बोलेना. त्या घराण्यातला माणूस बोलत नाही म्हटल्यावर मला काय ते समजलं. तसाच निघालो. सरणापाशी लोक माझ्या अर्ध्या दाढीकडं बघत होते; त्यांना वाटलं, म्हातारा दुःखानं अर्धा वेडा झाला. अगदीच चुकीचं नव्हतं ते.

हिराजी तरवाला. म्हणजे रेवस ते करंजा खाडी ओलांडणारी होडी, तर, तिच्यावर त्याचा जन्म गेला. मी एसटीत कंडक्टर. ओरडण्याचाच पगार दोघांना, पण माझ्या हाताशी निदान घंटीची दोरी होती. त्याला घशाशिवाय काही नव्हतं. थंडीत खाडीवर धुकं उतरलं की पलीकडचा किनारा कुणी पुसून टाकल्यासारखा व्हायचा. धुकं म्हणजे काय, एकदा मी त्यात छत्री टेकवून ठेवली होती आणि ती उभी राहिली. तिकडून कुणीतरी न दिसणारा माणूस हाक मारायचा, “हाय का रं?” इकडून हिराजी, “हाय!” बस. कोण, कुठला, किती माणसं, बरोबर बकरी हाय का नवरी, ते सगळं मागाहून. आधी ‘हाय’. मग होडी.

त्याची मुलगी कविता लग्न होऊन कॅनडाला गेली आणि इरा तिकडंच जन्मली. पोरीला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं, आजोबाला इंग्रजी सोडून सगळं येत होतं. ती फोनवर म्हणायची, “हाय आबा!” हा म्हणायचा, “हाय, हाय, हितंच हाय!” तिला वाटे, आजोबा आपल्यासारखंच हाय म्हणतायत. याला वाटे, नात विचारतेय, आहेस का. गैरसमज इतका बेतशीर बसला होता की वर्षभर कुणाच्या लक्षातही आला नाही. मात्र त्यापुढं दोन्हीकडं सामसूम. मग कविता फोन घ्यायची, ख्यालीखुशाली सांगायची, आणि फोन ठेवून हिराजी ओट्यावरच बसून राहायचा. व्हिडिओ कॉल त्याला मानवत नव्हता, म्हणायचा, “तोंड दिसला का मानूस हाक मारत न्हाय.” एकदा असाच बसला असताना मला म्हणाला, “एका शब्दावर नाता किती दिस टिकल रं? पोर मोठी होल, तिला कंटाला येल. मंग ती हाय पन म्हननार न्हाय.”

म्हणून आम्ही अलिबागला इंग्रजी बोलायच्या क्लासात नाव घातलं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, समोर विशीतली पोरंपोरी, आणि मागच्या बाकावर आम्ही दोन गेंडे. शेवटी तोंडी परीक्षा. परीक्षक बाई मुंबईहून मांडव्याला बोटीनं आल्या. समुद्र खवळलेला होता. बाईंचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा झाला होता. जोडीजोडीनं बसायचं आणि इंग्रजीत गप्पा मारायच्या, बाई ऐकणार. आमच्या वाट्याला विषय आला: नवी भाषा कशी शिकावी, आणि शब्द सापडला नाही तर समोरच्याशी बोलावं कसं.

सुरुवातच अशी झाली की बाई हसून म्हणाल्या, “हाय!” हिराजी ताठ बसला आणि म्हणाला, “हाय!” बाईंना वाटलं, ऐकू कमी येतं. त्या मोठ्यानं म्हणाल्या, “हाय!” याला वाटलं, विश्वास बसत नाहीये. “हाय, मॅडम, हाय! फुल हाय!” हे चहाची वेळ होईपर्यंत चाललं असतं, पण मी मधे पडलो. मी भाषण घोकून गेलो होतो. “लँग्वेज इज अ ब्रिज” असं म्हटलं आणि त्या पुलावरून जो सुटलो तो थेट विलायतेच्या दिशेनं. एवढ्यात हिराजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“नो ब्रिज,” तो बाईंना म्हणाला. “रेवस, करंजा, नो ब्रिज. ओन्ली बोट.”

खोटं कसं म्हणणार? पूल होणार, होणार, हे ऐकत तर आमचे केस पिकले. बाईंनी विचारलं, मग शब्द येत नसला तर तुम्ही काय करता? हिराजी उठून उभा राहिला. “फॉग. मॅन नो सी. मॅन शाउट. आय शाउट. देन आय गो.” एवढं सांगून त्याचं समाधान होईना, म्हणून त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरून प्रत्यक्ष करून दाखवलं, “हाऽऽऽय!” खालच्या दुकानात दुरुस्तीला टाकलेले मेलेले फोन वाजायला लागले. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग चक्क मराठीत म्हणाल्या, “काका, मला सगळं समजलं. पण हे इंग्रजी नाही हो.” आणि त्याला रीतसर नापास केलं. मी पास झालो.

परतीच्या एसटीत हिराजी गप्प होता. रेवसपर्यंत गप्प. गाडीत इतकी शांतता की ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून इंजिन तपासलं. उतरताना हिराजी एवढंच म्हणाला, “मना पास व्हायचा नव्हता रं. तिच्याशी बोलायचा व्हता.”

पुढच्या रविवारी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. त्याचा फोन ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेला असायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर सुतळीची गाठ. घर खाडीपासून चांगलं लांब, पण तरवाल्याची सवय, पाण्याचा भरवसा नाही. फोन वाजला. त्यानं गाठ सोडून स्पीकर लावला. “हाय आबा!” हा काही बोलेना. “हाय?” हा फोनकडं नुसता बघतोय. आणि मग पलीकडून त्या पोरीनं छाती भरून जी हाक मारली, “हाऽऽय?”, ती हुबेहूब करंजाच्या धुक्यातून आल्यासारखी. हिराजी उडालाच. “हाऽऽऽय!” शेजारच्या कोंबड्या त्यानंतर आठवडाभर बसून राहिल्या. पलीकडं पोर खिदळतेय, खिदळतेय...

कवितानं मग तिला आपल्याकडच्या ‘हाय’चा अर्थ सांगितला. तेव्हापासून दर रविवारी हाच खेळ. इरा फोन टेबलावर ठेवून घरातल्या लांबच्या खोलीत जायची आणि विचारायची, “हाय?” हा फोन ओट्यावर ठेवून पार धक्क्याच्या वाटेला लागायचा आणि उत्तर द्यायचा. कधी पोर लपून “न्हाय!” म्हणून ओरडायची आणि स्वतःच हसत सुटायची. तोवर त्याची बायको, यमुनावहिनी, आत. कधी बोलावलं तर म्हणायची, “मना काय समजतंय त्यातला?” तिनं त्या फोनला कधी हात लावला नाही.

कविता एकटीच आली, बारावं करून परत गेली. इराला तिनं सांगितलं होतं म्हणे. त्यानंतरच्या रविवारी मी ओट्यावर बसलो होतो, वहिनी तांदूळ निवडत होती. आणि खिळ्यावरची पिशवी वाजायला लागली. आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. मी उठणार, तेवढ्यात वहिनीनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले, सुतळीची गाठ सोडली आणि फोन कानाऐवजी तोंडासमोर धरला, पणती धरावी तसा.

पलीकडून, ओरडून नव्हे, अगदी हळू...

“हाय?”

आमच्या बोलीत या प्रश्नाला दोनच उत्तरं. त्यातलं खरं कोणतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी खाडीकडं तोंड फिरवलं.

“हाय,” वहिनी म्हणाली. “बोल.”