डेल्सीने बंद केलेला पंप

शिरोड्याच्या रोझारियोची मुलगी डेल्सी कॉलेजात भूविज्ञान शिकत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिने गावातल्या विहिरी घेतल्या, कारण शेजारच्या मथुराकाकीची विहीर त्या उन्हाळ्यात खारट झाली होती. चहा नासायचा, माडांची झावळं करपत चालली होती.

पाण्यातला खार मोजणारं यंत्र घेऊन डेल्सी वाडीभर फिरली. समुद्राला लागून असलेल्या विहिरी गोड निघाल्या. खार होता तो तिच्याच घराभोवती. परसात बोअरवेल होती आणि पर्यटकांच्या खोल्यांसाठी पप्पा दिवसभर पंप चालवत. गोडं पाणी फार उपसलं की जमिनीखालून समुद्र आत सरकतो, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. आता ते घरी सांगायचं होतं.

जेवताना तिने सांगितलं. रोझारियोचा घास हातातच राहिला.

"म्हणजे काकीचा पाणी मी नासयलंय?"

"आठ दिस पंप बंद ठेवून बघूया, पप्पा. माझा चुकला आसात तर कळात."

"खोल्यो भरलेल्यो आसत! पावण्यांका पाणी खंयसून देव? आणि काकीच्या कानार ह्या घालू नको."

सकाळी पंप पुन्हा घरघरू लागला. कुंपणापलीकडे काकीने कळशी ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. डेल्सीच्याने बघवेना. तिने परसात जाऊन पंपाचा खटका खाली ओढला.

वरच्या खोल्यांतून पाहुणे ओरडू लागले. रोझारियो धावत आला आणि त्याने हात उगारला. डेल्सी खटक्यासमोरून हलली नाही. मग आई, कार्मेलिना, दारातून म्हणाली, "तिका मारून पाणी गोड होतला काय?"

हात खाली आला.  मग रोझारियो एकटाच कुंपण ओलांडून काकीकडे गेला. काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. काकीने कळशी आपटली, तेवढा आवाज आला.

दुपारपर्यंत पाहुण्यांना दुसऱ्या घरी पोचवलं. आठवड्याने खार थोडा उतरला, पावसाळ्यानंतर विहीर पिण्याजोगी झाली. रोझारियोने निम्म्या खोल्या कायमच्या बंद केल्या. काकी त्याच्याशी अजून बोलत नाही. डेल्सीला मात्र ती कुंपणावरून हाक मारते आणि विचारते, "गो, आज किती खारा दाखवता तुझा यंत्र?"